यकृतातला साखर कारखाना शोधणारा माणूस

मी फ्रान्समधल्या लिऑन शहरात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो. इथे रोन नदीच्या काठाने जाणाऱ्या एका रस्त्याला क्लोद बर्नार यांचं नाव आहे. शहरातल्या एका मोठ्या विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. इंग्रजी पुस्तकांतून शिकलेले आपण त्यांना क्लॉड बर्नार्ड म्हणतो. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना असं नाव पाटीवर दिसतं आणि आपण पुढे जातो. मागच्या वर्षी मात्र मी या माणसाबद्दल मुद्दाम वाचलं. कारण अगदी घरगुती होतं.

बाबांना न्यूमोनिया झाला आणि गावाकडे हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करावं लागलं. दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर रिपोर्ट आला, शुगर २१४. बाबांना डायबिटीस कधीच नव्हता. मग काय, ग्रुपवर चर्चा सुरू. काकू म्हणाली, लग्नात जिलेब्या खाल्ल्या त्याचं हे फळ. मामा म्हणाले, सलाइनमधून साखर गेली असणार. आत्येभावाने तर लॅबच खोटी ठरवली. डॉक्टर एवढंच म्हणाले की आजारपणात असं होतं, आम्ही लक्ष ठेवून आहोत. आजारपणात असं का होतं, याचा पहिला धागा ज्यांनी पकडला ते हेच बर्नार.

त्यांचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी लिऑनच्या उत्तरेला असलेल्या सँ-ज्युलियाँ या खेड्यात झाला. हा बोजोले भाग, म्हणजे सगळीकडे द्राक्षाचे मळे. वडीलही द्राक्षं पिकवणारे. घरची परिस्थिती बेताचीच. गावच्या धर्मगुरूंकडे लॅटिन शिकून पुढे थोडं शिक्षण झालं आणि एकोणिसाव्या वर्षी बर्नार लिऑनजवळ एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करू लागले. तिथे अनेक द्रव्यं एकत्र करून बनवलेलं, सगळ्या रोगांवर चालणारं एक औषध मिळायचं. दुकानात उरलंसुरलं काही असलं की तेही त्यातच जायचं. हे पाहून त्यांचा त्या काळच्या औषधांवरचा विश्वास उडाला.

मन रमत होतं नाटकात. त्यांनी लिहिलेलं एक छोटं विनोदी नाटक रंगमंचावर आलं आणि बरं चाललं. मग पाच अंकी ऐतिहासिक नाटक लिहून ते १८३४ मध्ये पॅरिसला गेले. तिथल्या एका नामवंत समीक्षक प्राध्यापकांनी ते वाचून सल्ला दिला की आधी पोटापाण्यासाठी काहीतरी शिका. औषधाच्या दुकानात काम केलंच होतं, म्हणून मेडिकलला प्रवेश घेतला. आपल्याकडे मुलांना नाटक सोडून इंजिनिअरिंगला जा म्हणतात, तसंच हे!

कॉलेजात ते काही हुशार विद्यार्थ्यांत गणले जात नव्हते. पण हॉस्पिटलमध्ये काम करताना फ्रांस्वा माजांदी या मोठ्या शरीरशास्त्रज्ञांनी त्यांचा हात पाहिला आणि १८४१ मध्ये मदतनीस म्हणून घेतलं. प्रयोगशाळा कसली, कोंदट ओलसर तळघरच. १८४३ मध्ये ते डॉक्टर झाले, पण प्रॅक्टिस कधी केली नाही. शिकवण्याच्या पदासाठीची परीक्षा दिली, त्यातही नापास झाले. १८४५ मध्ये लग्न झालं आणि पत्नीने आणलेल्या हुंड्याच्या पैशावर संशोधन चालू राहिलं.

या संशोधनाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते जिवंत प्राण्यांवर प्रयोग करायचे, बरेचदा भूल न देता. पत्नीला हे अजिबात सहन होत नसे. दोन मुलगे तान्हेपणीच गेले, दोन मुली राहिल्या. पुढे नवरा-बायको विभक्त झाले आणि पत्नी व मुली उघडपणे प्राण्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. आज आपण ज्या ज्ञानाचा फायदा घेतो त्याची किंमत त्या प्राण्यांनी आणि त्या घराने मोजली आहे.

तर साखरेकडे येऊ. त्या काळी मानत असत की साखर फक्त वनस्पती तयार करतात, प्राणी ती खाऊन जाळतात. म्हणजे रक्तातली साखर खाण्यातूनच येणार. आमच्या काकूचा सिद्धांत हाच! १८४८ मध्ये बर्नार यांनी फक्त मांसावर ठेवलेल्या कुत्र्याचं रक्त तपासलं. खाण्यात साखर नव्हती, तरी यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडली.

१८५५ मध्ये आणखी गंमत झाली. ते यकृतातली साखर दोनदा मोजत असत. एकदा वेळ मिळाला नाही म्हणून दुसरी मोजणी दुसऱ्या दिवशी केली, तर आकडा वाढलेला. दुसऱ्या कुणी तो चुकीचा म्हणून फेकून दिला असता. त्यांनी काढून घेतलेल्या यकृतातून पाणी सोडून साखर पूर्ण धुऊन काढली आणि ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर! म्हणजे यकृतात साखरेचा कच्चा माल साठवलेला असतो. १८५७ मध्ये त्यांनी तो वेगळा काढला. तेच ग्लायकोजेन. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येकाच्या पोटात एक साखर कारखाना आहे, गोदामासकट.

पण बाबांच्या २१४ चं उत्तर दुसऱ्या एका प्रयोगात आहे. १८४९ मध्ये त्यांनी सशाच्या मेंदूच्या तळाशी एका विशिष्ट जागी सुई टोचली. थोड्याच वेळात सशाच्या लघवीत साखर आली. सशाला डायबिटीस नव्हता आणि काही काळाने साखर गेलीही. मेंदूला धक्का बसला की यकृत साखर सोडतं, हे त्यातून दिसलं. पुढे डायबिटीसवरच्या व्याख्यानांत, जी १८७७ मध्ये पुस्तकरूपाने आली, त्यांनी रक्तस्राव झाल्यावरही रक्तातली साखर वाढते हे नोंदवलं.

मधल्या काळात तब्येत बिघडली म्हणून ते आपल्या गावी येऊन राहिले. त्याच काळात लिहिलेलं प्रायोगिक वैद्यकशास्त्रावरचं त्यांचं पुस्तक १८६५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि गाजलं. बाहेर थंडी असो वा ऊन, शरीर आतलं वातावरण स्थिर ठेवतं, हा त्यांचा सगळ्यात मोठा विचार. आम्ही सिस्टिममध्ये जो फीडबॅक शिकतो, त्याचं शरीरातलं रूप त्यांनी इतक्या आधी ओळखलं होतं. १० फेब्रुवारी १८७८ रोजी ते पॅरिसमध्ये वारले. सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार झालेले ते फ्रान्सचे पहिले शास्त्रज्ञ.

त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी बाकीचा हिशोब पूर्ण केला. मोठा आजार, ऑपरेशन किंवा अपघात झाला की शरीरात ॲड्रेनालिन, कॉर्टिसोल यांसारखी हार्मोन्स वाढतात. यकृत साखर सोडतं आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. त्यात स्टिरॉइड चालू असलं की आकडा आणखी चढतो. म्हणजे जिलेबी बिचारी निर्दोष. पण म्हणून दुर्लक्षही करायचं नाही. साखर जास्त राहिली तर जंतुसंसर्ग वाढतो आणि जखमा भरायला वेळ लागतो.

मग ती झटकन अगदी नॉर्मल करावी का? याचाही इतिहास आहे. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लुवेनच्या आयसीयूत १५४८ पेशंटवर अभ्यास झाला. त्यातले बहुतेक ऑपरेशन झालेले होते. साखर ८० ते ११० मध्ये ठेवलेल्या गटात आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभर उत्साह पसरला. मग २००९ मध्ये ‘नाइस-शुगर’ नावाचा ६१०४ पेशंटचा अभ्यास आला. त्यात साखर कडक आवळलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के मृत्यू झाले, तर १८० पर्यंत चालवून घेतलेल्या गटात २४.९ टक्के. साखर धोकादायक इतकी खाली जाण्याचं प्रमाण ६.८ टक्के विरुद्ध ०.५ टक्के. गुंगीत असलेला पेशंट घाम आला, भोवळ आली असं सांगू शकत नाही आणि मेंदूला तर साखर लागतेच. म्हणून आता आयसीयूतल्या बहुतेक पेशंटची साखर साधारण १४० ते १८० मध्ये ठेवतात.

बाबांचं एचबीएवनसी ५.६ आलं, म्हणजे आधीच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी ठीक होती. न्यूमोनिया उतरला तशी साखरही उतरली.

आपण लांब राहणारी मंडळी. रात्री-अपरात्री फोनवर एक आकडा येतो आणि झोप उडते. अशा वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. एचबीएवनसी किती आहे? पेशंटला रक्त दिलं असेल तर तो आकडा फसवा असू शकतो, तेही विचारा. स्टिरॉइड चालू आहे का? साखर किती ते किती ठेवायचं ठरवलं आहे आणि ती खाली गेली तर लगेच कसं कळणार? युनिटकडेही लक्ष द्या. भारतातले १८० म्हणजे ब्रिटन-कॅनडातले १० आणि आमच्या फ्रान्समधल्या रिपोर्टवर १.८.

आणि डिस्चार्जनंतर दोन-तीन महिन्यांनी साखर पुन्हा तपासून घ्या. आजारपणात ज्यांची साखर अशी वाढते, त्यांना पुढे खरा डायबिटीस होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. घरी आल्यावर सगळे खूश असतात आणि नेमकी हीच तपासणी राहून जाते.