अमळनेरचे प्रेमजी

भडगावच्या उत्तरेला, सुरत-भुसावळ लोहमार्गावर वसलेल्या अमळनेरला प्रताप शेठजींच्या कापड गिरणीने उद्योगनगरी अशी ओळख दिली होती. तांदळाचे मोठे व्यापारी मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी आपल्या तेल कारखान्यासाठी हेच गाव निवडले. खानदेशात भुईमूग मुबलक होता आणि माल वाहून नेण्यास दारात रेल्वे होती.

२९ डिसेंबर १९४५ रोजी त्यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ कंपनी स्थापन केली. शेंगदाण्याच्या तेलापासून येथे वनस्पती तूप होई. तेल शुद्ध करताना उरणाऱ्या घटकांतून कपड्यांचा साबण तयार होई.

कारखाना नवा असतानाच फाळणी झाली. पाकिस्तानात येण्याचे जिनांचे निमंत्रण प्रेमजींनी नाकारले. भांडवल हलवता आले असते. त्यांनी इथेच राहणे पसंत केले.

१९६६ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. अवघ्या २१ वर्षांचे पुत्र अझीम अमेरिकेतील शिक्षण अर्धवट सोडून परतले. तेल-साबणाची तीच कंपनी पुढे ‘विप्रो’ या नावाने संगणक क्षेत्रात जगभर पोहोचली. वडिलांच्या त्या एका नकारामुळे तिचे मूळ खानदेशातच राहिले.