गोळ्या संपत आल्या आणि सवयीचे गणित सुटले

शिरोली एमआयडीसीत कुणाला महिन्याचा पगार, कुणाला नगावर मजुरी. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर अंगठा मात्र बिनपगारी राबतो. असे का, हे बी. एफ. स्किनर यांच्या उंदरांनी दाखवले. १९०४ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या स्किनर यांना लेखक होणे जमले नाही, म्हणून ते हार्वर्डला मानसशास्त्राकडे वळले. पेटीतल्या उंदराने दांडी दाबली की खाऊची गोळी मिळे. गोळ्या हाताने कराव्या लागत. एका शनिवारी त्या संपत आल्या, तेव्हा त्यांनी मिनिटाला एकच द्यायचे ठरवले. तरी उंदीर दाबतच राहिले! १९५७ मध्ये फर्स्टर यांच्यासह त्यांनी यावर जाडजूड ग्रंथच काढला. ठरावीक नगांवर मोबदला असला की हात भरभर चालतो, मध्ये दम खातो. बक्षिसाचा नेम नसला की थांबतच नाही. लॉटरीचे तेच, रील्सचेही. १९९० मध्ये स्किनर गेले, तेव्हा स्मार्टफोन यायचा होता.