रमाबाई रानडे यांची पाटी

स्मरणिकेसाठी मीही काही लिहावे असे मंडळात ठरले, तेव्हा माझी फारच त्रेधा उडाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याची सवय म्हणाल तर किराण्याच्या यादीपुरती. पण रमाबाई रानडे यांचे चरित्र मी दोनदा वाचले आहे आणि ते मनातून जात नाही, म्हणून तेच माझ्या शब्दांत सांगते.

रमाबाईंचा जन्म 1862 च्या जानेवारीत देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे. त्या काळी मुलीच्या हाती पुस्तक देण्याची चाल नव्हती. 1873 च्या डिसेंबरात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. नवरी अकरा वर्षांची, आणि नवरदेव एकतीस वर्षांचे बिजवर. माधवराव सुधारक, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. त्यांनी विधवेशीच लग्न करावे अशी लोकांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या हट्टापुढे ते वाकले. हे मला आजही खटकते, आणि तसे मी लिहिते. मात्र घरी आलेल्या त्या पोरीला त्यांनी लगेच पाटीवर अक्षरे काढून दिली. आधी मराठी झाले, मग इंग्रजी.

घरात नात्यातल्या पुष्कळ बायका होत्या. सुनेने पुस्तक धरलेले त्यांना मुळीच रुचेना. टोमणे, अबोला, मुद्दाम दिलेली कामे, सगळे झाले. आपल्यापैकी कितीजणींना हे सांगायला नको! रमाबाईंनी नवऱ्याकडे गाऱ्हाणे नेले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. पुढे पुण्यात मिस हरफर्ड नावाच्या बाई त्यांना इंग्रजी शिकवायला येऊ लागल्या. परक्या धर्माच्या बाईजवळ बसली म्हणून घरात विटाळ मानीत, आणि शिकवणी संपली की रमाबाईंना अंघोळ करून मगच घरात वावरावे लागे. एका इंग्रजी धड्यापायी रोज एक अंघोळ!

आपल्या भागाशीही त्यांचा संबंध आला. 1879 साली माधवरावांची बदली धुळ्याला झाली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस; सरकारला माधवरावांचाही संशय होता आणि त्यांची पत्रे फोडून पाहिली जात. आपला नंदुरबार जिल्हा 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता, म्हणजे रमाबाईंनी काही काळ आपल्याच मुलखात संसार केला.

पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून मोठी सभा भरली, तेव्हा गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीतून भाषण वाचले. मजकूर माधवरावांनी लिहून दिलेला होता, आवाज मात्र त्यांचा स्वतःचा. सभेत कौतुक झाले आणि घरी आल्यावर बोलणी बसली.

मला सर्वांत आवडते ती कलकत्त्याची हकीकत. सरकारी कमिटीच्या कामासाठी दोघे तिकडे गेले होते. माधवरावांनी बंगालीची पुस्तके आणली, स्वतः शिकू लागले आणि रमाबाईंना शिकवू लागले. अडलेला शब्द ते हजामत करताना न्हाव्याला विचारीत! एवढा मोठा न्यायाधीश, पण गालाला साबण लागलेला असताना न्हाव्याकडून शब्द शिकायला लाजला नाही.

हे वाचताना माझी पाचवी आठवली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. माझा उच्चार चुकला म्हणून मला वर्गात उभे केले, सगळी मुले हसली, आणि त्या दिवसापासून मी इंग्रजीच्या तासाला तोंड उघडले नाही. आता 2000 सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आहे. माझी उशिरा झालेली धाकटी पहिलीत आहे. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि वर इंग्रजी, अशा तीन भाषा त्या एवढ्याशा जिभेवर. मागच्या पावसाळ्यात तिने पुस्तक माझ्यापुढे धरले आणि मी भाकऱ्यांचे निमित्त सांगून उठले. दोन-तीनदा असे झाल्यावर तिने विचारणेच बंद केले. ते मला फार लागले.

रमाबाईंचे पुढचे चरित्र मोठे आहे. 1901 साली माधवराव वारले. पण त्या घरात बसून राहिल्या नाहीत. 1909 साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. तिथे प्रौढ बायका शिकल्या, परिचारिका तयार झाल्या. 1910 साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले. 1924 साली त्या गेल्या. 1962 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला सरकारने टपालाचे तिकीट काढले.

मी मात्र त्यांच्या पाटीपाशीच अडकले आहे. दिवाळीनंतर मी धाकटीजवळ बसू लागले. चित्रावर बोट ठेवून ती शब्द म्हणते, मी तिच्यामागून म्हणते. चुकले तर दोघी हसतो, उभे कोणी कोणाला करीत नाही. जाऊबाई पहिले काही दिवस थट्टा करीत. हल्ली भाजी निवडायला मुद्दाम आमच्याच खोलीत येऊन बसतात. घरात पाटी एकच आहे. आधी ती लिहिते, मग पुसून मी.