ओहमची अर्धपगारी रजा

हॉस्टेलवर राहत असाल तर बादलीत रोज सकाळी बुडणाऱ्या इमर्शन रॉडवरचं लेबल एकदा वाचा (प्लग काढून, प्लीज). बहुतेक २३० व्होल्ट, १००० वॅट असं लिहिलेलं असेल. वॅटला व्होल्टने भागा, करंट मिळतो, साधारण ४.३५ अँपिअर. मग व्होल्टला त्या करंटने भागा, रेझिस्टन्स मिळतो, सुमारे ५३ ओहम. आता समजा व्होल्टेज पडून २०० झालं. रॉड तोच, रेझिस्टन्स जवळपास तोच, म्हणून करंट ३.७७ वर येतो आणि पॉवर ७५५ वॅटच्या आसपास. व्होल्टेज पडलं फक्त १३ टक्के, पण पॉवर गेली जवळजवळ पाव! ‘आज पाणी तापतच नाहीये’ या तक्रारीचं उत्तर इथे आहे.

हे गणित ज्याच्या नावावर आहे, त्या जॉर्ज सायमन ओहमला दहावीत आपण एका सूत्रात गुंडाळून मोकळे झालो. पण त्याचा बायोडेटा वाचलात तर तो तुम्हाला फारच ओळखीचा वाटेल.

१६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एरलांगेन गावात त्याचा जन्म झाला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. स्वतःच पुस्तकं वाचून शिकलेले, आणि इतकं शिकलेले की जॉर्ज आणि धाकटा मार्टिन या दोघांना गणित-विज्ञान त्यांनीच घरी शिकवलं. आई जॉर्जच्या दहाव्या वर्षीच गेली. १८०५ मध्ये पोरगं युनिव्हर्सिटीत दाखल झालं आणि तिथे रमलं ते नाचात, आइस स्केटिंगमध्ये आणि बिलियर्ड्समध्ये! वडील भडकले. तीन सेमिस्टरनंतर शिक्षण बंद, आणि सतराव्या वर्षी जॉर्जची रवानगी स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत, गणिताचा मास्तर म्हणून.

तिथे मात्र त्याने अभ्यास मनावर घेतला. १८११ मध्ये परत येऊन डॉक्टरेट मिळवली, बावीसाव्या वर्षी (माझं वय तेवढंच आहे, त्यामुळे यावर मी जास्त बोलत नाही). युनिव्हर्सिटीत थोडे दिवस शिकवलं, पण पैसे तुटपुंजे आणि पुढे पर्मनंट होण्याची आशा नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारे तुमच्या कॉलेजातले सर-मॅडम आठवा, साधारण तसंच. मग बाम्बर्गमधली शाळा धरली, तर तीही बंद पडली. अखेर १८१७ मध्ये कलोनच्या एका शाळेत नोकरी लागली आणि तिथे एक गोष्ट जमून आली. शाळेची फिजिक्स लॅब चांगली होती.

त्याला बघायचं होतं एवढंच की तारेची लांबी बदलली तर करंट कसा बदलतो. आपल्या लॅबमधले अ‍ॅमीटर, व्होल्टमीटर तेव्हा नव्हतेच. तारेच्या वर चुंबकीय सुई टांगायची, करंटमुळे ती वळली की वरचा धागा पिळून तिला जागेवर आणायची. जितका पीळ जास्त, तितका करंट जास्त. खरी भानगड बॅटरीची होती. त्या काळच्या बॅटऱ्या सर्किट जोडलं की लगेच ढेपाळायच्या. व्होल्टेजच हलत असेल, तर करंट तारेमुळे कमी झाला की बॅटरीमुळे, कसं कळणार? १८२५ मध्ये त्याने पहिला पेपर छापला, आणि त्यातलं सूत्र चुकलं.

ज्या नियतकालिकात लिहायचा त्याचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्याला सुचवलं, बॅटरी सोड, थर्मोकपल वापर. ओहमने बिस्मथ आणि तांब्याच्या पट्ट्या जोडल्या. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्हींचं तापमान हलत नाही, म्हणून व्होल्टेजही हलत नाही. मग सारख्याच जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या आणि आकडे घेतले. तार लांब, करंट कमी, हे दिसलंच. पण सूत्रात तारेच्या लांबीत आणखी एक ठराविक आकडा मिळवावा लागत होता. तो होता उरलेल्या सर्किटचा रेझिस्टन्स. प्रॅक्टिकलमध्ये ‘इंटर्नल रेझिस्टन्स’ काढताना आपण वैतागतो ना, त्याचं मूळ इथे, १८२६ मध्ये.

हे सगळं पुस्तकरूपात मांडायला त्याने अर्ध्या पगारावर रजा घेतली आणि मार्टिनकडे बर्लिनला जाऊन राहिला. १८२७ मध्ये पुस्तक आलं. हेतू सरळ होता, यावर तरी युनिव्हर्सिटीत जागा मिळावी. झालं उलटंच. वीज आणि इतकं गणित हे समीकरण तिथल्या अनेकांना पचलं नाही, एका समीक्षकाने तर पुस्तकाची सालटी काढली. पुढच्याच वर्षी ओहमने कलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. वय ३९, हातात योग्य सिद्धांत आणि पोटापाण्यासाठी बर्लिनमध्ये गणिताच्या शिकवण्या. मला विचाराल तर राजीनामा देणं हा घाईचा निर्णय होता. पण अकरा वर्षं शाळेत शिकवून, अर्ध्या पगारावर पुस्तक लिहून हे ऐकावं लागलं असतं तर आपण तरी काय केलं असतं?

१८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली मेडल दिलं. पुस्तकानंतर तब्बल चौदा वर्षांनी, आणि तेही परदेशातून. योगायोग असा की तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाला आणि रेझिस्टन्सला गुणून मिळते, हा जूलचा पेपरही त्याच वर्षीचा. म्हणजे आपल्या रॉडचं निम्मं गणित ओहमचं, उरलेलं जूलचं.

ज्या खुर्चीसाठी एवढा आटापिटा केला, ती १८५२ मध्ये मिळाली. म्युनिक युनिव्हर्सिटीत फिजिक्सचा प्रोफेसर, वय ६३. ६ जुलै १८५४ रोजी तो गेला. १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेत व्होल्ट आणि अँपिअरच्या जोडीला रेझिस्टन्सचं एकक म्हणून ‘ओहम’ ठरलं. त्याची खूण मात्र ग्रीक ओमेगा आहे, कारण नावातला ‘ओ’ शून्यासारखा दिसतो.