सिंदखेडची लेक

बुलढाणा जिल्ह्यात बदली झाली तेव्हा मी तिशीत होतो. एके दुपारी कर्ज थकलेला एक शेतकरी काउंटरवर तावातावाने बोलू लागला आणि मीही आवाज चढवला. नियम माझ्या बाजूने होते. तो गेल्यावर शिपायाने हळूच सांगितले, की आदल्याच दिवशी त्याच्या घरी मयत झाली होती. त्या रविवारी घरात मन रमेना. एस.टी. पकडून सिंदखेडराजाला गेलो आणि लखुजीराव जाधवांच्या वाड्यात बराच वेळ बसून राहिलो.

पुढे बँकेच्या प्रशिक्षणवर्गांत भावनिक बुद्धिमत्ता हा शब्द कानावर पडू लागला. डॅनिएल गोलमन या अमेरिकन लेखकाच्या १९९५ सालच्या पुस्तकाने तो सर्वतोमुखी केला होता. आपल्या मनात काय उसळते आहे ते ओळखावे, समोरच्याच्या मनाचा ठाव घ्यावा आणि मगच पाऊल उचलावे, असा त्याचा साधा अर्थ. वर्गात उदाहरणे परदेशी कंपन्यांची असत. मला मात्र सिंदखेडचा तो वाडाच आठवे.

याच गावी १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. वेरूळच्या भोसल्यांकडे त्यांना दिले. बखरी सांगतात, की एकदा निजामशाहीचा दरबार सुटताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि त्याला आवरण्यावरून जाधव-भोसल्यांतच तलवारी निघाल्या. जिजाऊंचे बंधू दत्ताजी, शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी यांच्या हातून पडले. लखुजीरावांनी त्या संभाजींना मारले आणि खुद्द जावयावरही वार केला. विचार करा, सुतक माहेरी आणि सासरीही, आणि दोन्हीकडचे मारेकरी आपलेच! आपल्याकडे लग्नातल्या मानपानावरून पिढ्यान्‌पिढ्या बोलणे बंद होते. जिजाऊंचा संसार मात्र मोडला नाही.

याहून मोठा घाव २५ जुलै १६२९ रोजी बसला. देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाने भर दरबारात दगा करून लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांना ठार मारवले. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. पुढच्या फेब्रुवारीत, १९ तारखेला, शिवनेरीवर शिवबांचा जन्म झाला. अशा आईने मुलाला निव्वळ सूड पाजला असता, तरी कोणी नावे ठेवली नसती. पण त्या मुलाच्या आरमारात पुढे दौलतखान मोठ्या हुद्द्यावर दिसतो. वैर कोणाशी आणि कुठवर, हे त्या घरात नीट उमगलेले होते, असे मला वाटते. उजाड झालेल्या पुण्यात सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवल्याची गोष्ट तर शाळकरी पोरेही सांगतात. भेदरलेल्या रयतेला आधी धीर हवा होता, बी-बियाणे त्यानंतर.

तरी त्यांना दगडाची मूर्ती करू नये. थोरले चिरंजीव संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत गेले. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे वारले, आणि इतका काळ सावरलेले हे मन कोसळले. जिजाऊ सती जायला निघाल्या. शिवाजीराजांनी आईच्या मांडीवर बसून, गळ्यात हात टाकून, शपथ घालून त्यांना थांबवले, असे सभासद लिहून ठेवतो. राजे तेव्हा चौतिशीला टेकलेले, नुकतेच सुरत मारून आलेले! त्यांनी शास्त्राचा काथ्याकूट केला नाही, लेकरासारखे मांडीवर बसले. हे ते कोणाकडून शिकले असतील? आणि जिजाऊंनी ऐकले. कादंबरीकार म्हणून मला त्यांच्या आयुष्यातला हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो.

दोनच वर्षांनी, १६६६ मध्ये, राजे आग्र्याला गेले आणि कैदेत पडले. मुलगा आणि नऊ वर्षांचा नातू शत्रूच्या दारात, आणि इकडे मोरोपंत पिंगळ्यांसारख्या कारभाऱ्यांना हाताशी धरून राज्य जिजाऊंनी सांभाळले. राजे परतले तेव्हा राज्य जागेवर होते.

उतारवयात रायगडाची गार हवा मानवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याला पाचाडात वाडा बांधला. ६ जून १६७४ रोजी त्यांनी मुलाचा राज्याभिषेक पाहिला. पुढे अकराच दिवसांनी, १७ जूनला, पाचाडच्या वाड्यात त्यांनी डोळे मिटले.