ताटापर्यंतची वाट मोजणारा मानसशास्त्रज्ञ

वाढत्या वयातील मुलांच्या खाण्यावर कशाकशाचा प्रभाव पडतो, याची पाहणी करणाऱ्या संशोधकांना कुर्ट लेविन यांचे ऋण मान्य करावेच लागते. त्यांचा जन्म ९ सप्टेंबर १८९० रोजी तत्कालीन प्रशियातील मोगिल्नो या गावी ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढताना ते जखमी झाले होते. तरीही १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीत त्यांना देश सोडावा लागला.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या गृहविज्ञान महाविद्यालयात त्यांना तात्पुरती जागा मिळाली. बर्लिनमध्ये नाव कमावलेल्या प्राध्यापकासाठी ही तशी दुय्यमच जागा. पण तेथेच त्यांनी मुलांच्या जेवणावर सामाजिक दडपणाचा काय परिणाम होतो, हे तपासायला आरंभ केला. १९३५ मध्ये ते आयोवा विद्यापीठाच्या बालकल्याण संशोधन केंद्रात गेले.

दुसऱ्या महायुद्धात मांसाची टंचाई भासू लागली, तेव्हा लोकांच्या आहारसवयी अभ्यासणाऱ्या सरकारी समितीच्या कामात लेविन सहभागी झाले. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड या समितीच्या सचिव होत्या. मुलांच्या पानात काय पडते, हे मुलांना विचारून कळत नाही. दुकान, परसबाग, कोठी अशा वाटांनी अन्न घरात येते आणि त्या वाटांवर बहुधा गृहिणी द्वारपालाप्रमाणे उभी असते, असे त्यांनी दाखवून दिले. मांस पतीसाठी आणि भाज्या मुलांसाठी, अशी वाटणीही तिच्या मनात ठरलेली आढळली.

मग काळीज, मूत्रपिंड असे नावडते मांस घरोघरी शिजावे म्हणून प्रयोग झाला. व्याख्यान ऐकलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या ३ टक्क्यांनी, तर आपसांत चर्चा करून निर्णय घेतलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी ते रांधले. चर्चा करणाऱ्यांना नंतर चौकशी होणार याची कल्पना होती, व्याख्यान ऐकणाऱ्यांना नव्हती, हा या प्रयोगातला कच्चा दुवा. तरीही उपदेशावरचा भाबडा विश्वास त्याने हलवला, हे खरे.

याच काळात युरोपात अडकलेल्या आईला सोडवण्याची त्यांची धडपड मात्र निष्फळ ठरली. नाझींच्या मृत्युछावणीत तिचा अंत झाला. पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत त्यांनी समूहवर्तनाचे संशोधन केंद्र उभारले. ते रुजत असतानाच १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.