टबातला क्रांतिकारक : झाँ-पॉल माराचे आजारपण

फ्रेंच राज्यक्रांतीची जी मोजकी चित्रे जगाच्या स्मरणात कायमची कोरली गेली, त्यांत झाक-लुई दावीदने १७९३ साली रंगवलेले 'माराचा मृत्यू' हे चित्र अग्रस्थानी आहे. स्नानाचा टब, त्यात रेलून पडलेला देह, डोक्याला गुंडाळलेले फडके, हातात कागद आणि खाली लोंबणाऱ्या दुसऱ्या हातात लेखणी. ब्रसेल्सच्या राजकीय कला संग्रहालयात हे चित्र पाहणाऱ्याला माराची कातडी संगमरवरासारखी नितळ दिसते. प्रत्यक्षात मात्र या माणसाच्या शरीरावरची त्वचा शेवटची काही वर्षे सतत खाजत, चिघळत आणि सोलवटत होती. तो टबात बसून लिहीत असे तो चैनीखातर नव्हे. पाण्याबाहेर त्याला राहवत नसे म्हणून. त्वचारोगाने एखाद्याचे घर, दिनक्रम आणि अखेर मरणसुद्धा कसे घडवले, याचे इतिहासातील इतके ठळक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

वैद्यकाचा पेशा

झाँ-पॉल माराचा जन्म २४ मे १७४३ रोजी आजच्या स्वित्झर्लंडमधील न्यूशाटेल प्रांतातील बूद्री या गावी झाला. वडील मूळचे सार्डिनिया बेटावरचे, तर आईचे घराणे जिनिव्हातील फ्रेंच प्रॉटेस्टंटांपैकी. घरची सांपत्तिक स्थिती बेताची. पण शिक्षणाची ओढ मोठी. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याने घर सोडले. बोर्दो येथे एका धनिक कुटुंबात त्याने मुलांना शिकवण्याचे काम केले, पुढे तो पॅरिसला गेला आणि १७६५ साली त्याने लंडन गाठले. तेथेच तो वैद्यकी करू लागला. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने १७७५ मध्ये त्याला वैद्यकाची पदवी दिली. ही पदवी तेथे शिकून नव्हे, तर जाणकार डॉक्टरांच्या शिफारशीवरून मिळाली होती. त्या काळी असा प्रघात होता. जननेंद्रियाच्या विकारावर आणि डोळ्यांच्या एका आजारावर त्याने इंग्रजीत पुस्तिकाही लिहिल्या.

पॅरिसला परतल्यावर १७७७ मध्ये राजा सोळाव्या लुईचा धाकटा भाऊ काउंट आर्त्वा याच्या रक्षकदलाचा वैद्य म्हणून त्याची नेमणूक झाली. उमराव मंडळी त्याच्याकडे औषधासाठी येऊ लागली. मिळालेला पैसा तो प्रयोगांवर खर्च करी. उष्णता, प्रकाश आणि वीज हे त्याचे आवडीचे विषय होते. त्याचे प्रयोग पाहण्यासाठी बेंजामिन फ्रँकलिनही आला होता. वैद्यकातील विजेच्या वापरावरील त्याच्या निबंधाला रूआँच्या अकादमीने पारितोषिक दिले. परंतु पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याच्या सिद्धांतांना मान्यता दिली नाही. न्यूटनच्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथाचे त्याने फ्रेंचमध्ये भाषांतर केले, ते १७८७ साली प्रसिद्ध झाले. तरीही अकादमीची दारे त्याच्यासाठी बंदच राहिली. हा अपमान त्याने आयुष्यभर मनात जपला.

तळघरातला संपादक

१७८९ मध्ये क्रांतीचा भडका उडाला आणि छेचाळीस वर्षांच्या या वैद्याने प्रयोगशाळा सोडून लेखणी हाती घेतली. त्या सप्टेंबरात त्याने वृत्तपत्र काढले. 'लामी द्यू पप्ल', म्हणजे 'जनतेचा मित्र', हे त्याचे नाव. पुढे लोक खुद्द माराला याच नावाने ओळखू लागले. मंत्री, सेनापती, सावकार, धान्याचे साठेबाज आणि क्रांतीचेच नेमस्त पुढारी या सर्वांवर तो तुटून पडे. साहजिकच त्याच्यावर अटकेची वॉरंटे निघाली. जानेवारी १७९० मध्ये त्याला पकडण्यासाठी सैनिकांची मोठी तुकडी आली, तेव्हा तो निसटून लंडनला गेला. परत आल्यावरही त्याने अनेक महिने मित्रांच्या घरी आणि तळघरांत लपून काढले.

पॅरिसच्या गटारांत दडून बसल्यामुळे त्याला हा त्वचारोग जडला, अशी कथा पुढे रूढ झाली. कथा रंगतदार असली तरी तिला आधार कच्चा आहे. आजाराची लक्षणे क्रांतीच्या आधीच, १७८८ च्या सुमारास, दिसू लागली होती असे मानणारे अभ्यासक आहेत. दमट, कोंदट जागा, अपुरी झोप, अनियमित जेवण आणि पकडले जाण्याची टांगती तलवार यांमुळे असलेला विकार बळावला असावा, एवढेच फार तर म्हणता येईल. इसबासारखे विकार ताणाने उसळतात, हे आज वैद्यकाला मान्य आहे.

घर हेच रुग्णालय

अशा अवस्थेत त्याला आधार मिळाला तो सिमोन एव्रार हिचा. त्याच्याहून ती वीस वर्षांहून अधिक लहान होती. कायदेशीर विवाह झाला नव्हता. तरी ती त्याची पत्नी म्हणूनच वावरली. वारशाने मिळालेला आपला पैसा तिने त्याच्या वृत्तपत्रात घातला. कोर्देलिए मार्गावरील घरात सिमोन, तिची बहीण कातरीन आणि स्वयंपाकीण असा गोतावळा होता, आणि त्या घराचा दिनक्रम रुग्णाच्या कातडीभोवती फिरत असे.

माराचा टब बुटाच्या आकाराचा होता. अशा टबात वरचा भाग झाकला जातो, पाणी थोडे लागते आणि ते लवकर निवत नाही. आत अंगाला धातू लागू नये म्हणून कापड अंथरलेले असे. वर आडवी फळी टाकून तिचे मेज केले जाई; शेजारी दौत-कागद. पाण्यात औषधी द्रव्ये मिसळली जात, असे मानले जाते. डोक्याला व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके बांधलेले असे. त्या काळच्या पॅरिसमध्ये घरोघरी नळ नव्हते. पाणके बादल्यांनी पाणी पोहोचवीत आणि ते चुलीवर तापवावे लागे. दिवसातून तासन् तास एका माणसाला कोमट पाण्यात ठेवायचे म्हणजे घरातल्या बायकांना किती राबावे लागत असेल, याची कल्पना करता येते. इतिहासाने टबातल्या माणसाची नोंद ठेवली. पाणी तापवणाऱ्यांची फारशी ठेवली नाही.

घरगुती उपचारांनी आजार बरा झाला नाही, पण माणूस कामाला उभा राहिला. पाण्यामुळे खाज तेवढ्यापुरती शमे, आणि ओल्या हातांनी का होईना, अंक निघत राहिला.

द्वेषाची खूण

माराचे चरित्र लिहिताना त्याच्या हिंसक लेखणीकडे डोळेझाक करता येत नाही. जुलै १७९० मध्येच त्याने पाच-सहाशे शत्रूंची डोकी उडवण्याची मागणी छापली होती. सप्टेंबर १७९२ मध्ये पॅरिसच्या तुरुंगांत हजाराहून अधिक कैद्यांची कत्तल झाली. तेव्हा तिचे समर्थन करून इतर प्रांतांनाही तोच मार्ग सुचवणाऱ्या परिपत्रकावर त्याची स्वाक्षरी होती. त्याच महिन्यात तो राष्ट्रीय परिषदेवर निवडून गेला. एप्रिल १७९३ मध्ये विरोधी जिराँदिन गटाने त्याच्यावर खटला भरला. परंतु २४ एप्रिलला तो निर्दोष सुटला आणि जमावाने त्याला खांद्यावर घेऊन मिरवले.

विरोधकांनी त्याच्या लिखाणाइतकाच त्याच्या शरीराचाही वापर शस्त्रासारखा केला. खरजुल्या, कुष्ठी, गुप्तरोगी अशा शेलक्या विशेषणांनी त्याची संभावना झाली. कातडी बिघडली म्हणजे मनही सडलेले, असा हा हिशोब. पुढच्या काळात काही लेखकांनी तोच हिशोब शास्त्रीय भाषेत मांडला आणि माराचा क्रूरपणा त्याच्या खाजेतून जन्मला असे सुचवले. हे स्पष्टीकरण सोपे आहे, म्हणूनच संशयास्पद आहे. त्याचा संताप अकादमीच्या दारात सुरू झाला होता आणि त्याची राजकीय मते १७७४ साली लंडनमध्ये छापलेल्या गुलामगिरीविषयीच्या ग्रंथात आधीच उमटली होती. शिवाय ज्यांची कातडी निरोगी होती असे त्याचे कितीतरी सहकारीही डोकी मागण्यात मागे नव्हते. दोष लेखणीचा होता. तो त्वचेच्या माथी मारणे म्हणजे रुग्णावर अन्याय आणि अपराध्याला सवलत, अशा दोन चुका एकदम करणे होय.

१३ जुलै १७९३

जूनच्या सुरुवातीला जिराँदिन गटाचा पाडाव झाला. हा माराचा सर्वांत मोठा विजय. पण तो उपभोगण्याची ताकद त्याच्या शरीरात उरली नव्हती. आजार इतका बळावला की त्याने परिषदेत जाणे जवळपास थांबवले आणि घरूनच पत्रे धाडू लागला. १२ जुलै रोजी जॅकोबिन मंडळाचे प्रतिनिधी त्याची विचारपूस करून गेले. चित्रकार दावीद त्यांच्यात होता.

दुसऱ्या दिवशी नॉर्मंडीतील काँ शहराहून आलेल्या शार्लोत कोर्दे या चोवीस वर्षांच्या तरुणीने पॅरिसमध्ये स्वयंपाकाची सुरी विकत घेतली आणि ती माराच्या घरी पोहोचली. आधी तिला दारातूनच परत पाठवण्यात आले. संध्याकाळी ती पुन्हा आली. काँमधील फितुरांची नावे सांगायची आहेत, हे ऐकून माराने तिला आत घेण्यास सांगितले. तो टबात होता. नावे लिहून होताच तिने छातीच्या उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, सुरी खुपसली. मोठी रक्तवाहिनी तुटली आणि काही क्षणांत तो गतप्राण झाला. वृत्तपत्राचे अंक घडी घालणाऱ्या लोराँ बा याने खुर्ची मारून तिला खाली पाडले. १७ जुलैला तिला गिलोटिनवर चढवण्यात आले.

जुलैच्या उकाड्यात प्रेत झपाट्याने बिघडू लागले. लोकांच्या दर्शनासाठी ते ठेवताना अंगाचा काही भाग उघडा ठेवता येणार नाही, कारण त्याला कुष्ठासारखा रोग होता, असे दावीदने परिषदेला सांगितले होते. त्याच दावीदने चित्रात मात्र एकही व्रण ठेवला नाही. हुतात्म्याचा देह निष्कलंक हवा होता.

निदान कोणते?

माराला नेमके काय झाले होते, यावर डॉक्टरांनी दोनशे वर्षे तर्क लढवले. उपदंश, खरूज, कुष्ठरोग, गंडमाळा, मधुमेहातून होणारा बुरशीचा संसर्ग, इसब अशी मोठी यादी तयार झाली. १९७९ मध्ये एका अभ्यासकाने 'डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस' या गव्हातील ग्लुटेनशी निगडित विकाराकडे बोट दाखवले.

नवा पुरावा आला तो अनपेक्षित ठिकाणाहून. मृत्यूच्या वेळी माराजवळ त्याच्याच वृत्तपत्राचे जुने अंक होते. त्यांच्यावर रक्त सांडले. त्याची बहीण आल्बेर्तीन हिने ते जपून ठेवले आणि कालांतराने ते फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचले. स्पेनमधील व फ्रान्समधील संशोधकांनी त्या डागांतील डीएनए तपासला आणि २०१९-२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपदंश, कुष्ठरोग, खरूज यांच्या जंतूंचा मागमूस लागला नाही. सापडली ती 'मॅलॅसेझिया रेस्ट्रिक्टा' ही बुरशी. ती निरोगी माणसाच्या कातडीवरही असते, पण कोंडा आणि सेबोऱ्हिक डर्मटायटिस या विकारांशी तिचा संबंध जोडला जातो. हा इसबाच्याच कुळातला विकार. अर्थात अनेक हातांतून गेलेल्या कागदावर बाहेरचे जंतूही येऊ शकतात. त्यामुळे संशोधकांनी ही शक्यता म्हणूनच मांडली आहे.

स्वतः डॉक्टर असूनही माराला जे ठाऊक असणे शक्य नव्हते, ते आज कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे कळते. कोमट पाण्याने खाज शमते, हे त्याने बरोबर हेरले होते. पण फार वेळ पाण्यात राहिल्याने त्वचेतील स्निग्धता जाते आणि नंतर ती अधिकच कोरडी पडते. म्हणून स्नान पाच-दहा मिनिटांचे, कडक साबण टाळून, आणि अंग टिपल्याबरोबर लगेच मॉइश्चरायझर, असा सल्ला दिला जातो. फुटलेल्या कातडीवर व्हिनेगर झोंबते. नखे आखूड ठेवणे आणि सुती कपडे वापरणे हे साधे उपायही उपयोगी पडतात. बुरशीशी निगडित विकारावर बुरशीरोधक शाम्पू व मलमे आहेत, तर उसळी आलेल्या इसबावर स्टेरॉइडयुक्त मलम ठरावीक दिवसच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायचे असते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या मिश्र मलमांनी आपल्याकडे कित्येकांचे साधे दुखणे चिवट झाले आहे. इसब संसर्गजन्य नाही, हे सांगण्याची गरजही अजून संपलेली नाही.

माराचे अवशेष सप्टेंबर १७९४ मध्ये समारंभपूर्वक पॅन्थिऑनमध्ये नेण्यात आले आणि वारे फिरताच फेब्रुवारी १७९५ मध्ये तेथून हलवण्यातही आले. त्याचा म्हणून ओळखला जाणारा टब पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात आहे. सिमोन आणि आल्बेर्तीन यांनी पुढची वर्षे एकत्र, हलाखीत काढली. सिमोन १८२४ मध्ये आणि आल्बेर्तीन १८४१ मध्ये वारली. ज्या माणसाच्या नावाचा जयजयकार आणि धिक्कार दोन्ही सारख्याच आवेशाने झाले, त्याच्या दुखण्याचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा पुतळ्यांत किंवा चित्रात उरला नाही. बहिणीने घडी घालून ठेवलेल्या दोन डागाळलेल्या कागदांत तो उरला.